पाय, पाय, टाळी

गटाची बैठक आटोपून, भांडीकुंडी उरकून रेडिओपाशी बसलेल्या सगळ्याजणींना नमस्कार. रानातून घरी येता येता मोबाइलवर ऐकणाऱ्यांनाही नमस्कार.

आज आम्ही एका गाण्याची गोष्ट सांगणार आहोत. गाणं इंग्रजी आहे. पण 'आपल्याला काय कळणार' म्हणून लगेच रेडिओ बंद करू नका. हे गाणं तुमच्यातल्या बऱ्याचजणींनी ऐकलेलं आहे, फक्त त्याचं नाव माहीत नाही. क्रिकेटच्या मैदानावर ते वाजतं, वरातीतल्या मशीनवर वाजतं. त्याला सुरुवातीला ढोल नाही, पेटी नाही. दोन पाय आणि दोन हात, एवढ्यावर ते उभं राहतं.

आम्हाला ते भेटलं ठाण्याच्या टेंभी नाक्यावर. तिथली नवरात्रातली देवी आपल्या जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. आनंद दिघे यांनी १९७८ साली तो उत्सव सुरू केला. कळव्याहून देवीची मिरवणूक येते आणि पुढचे दिवस नाका माणसांनी फुलून जातो. आम्ही पाचजणी नाचणीचे पापड, कुरडया आणि घरच्या मसाल्याच्या पिशव्या घेऊन आसनगावहून लोकलने ठाण्याला गेलो होतो. रस्त्याच्या कडेला टेबल मांडायला जागा मिळाली होती. संध्याकाळी दर्शनाची रांग वाढली. रांगेत ताटकळलेली सात-आठ पोरं मांडवाच्या लाकडी फळ्यांवर पाय आपटायला लागली. धप, धप, टाळी. धप, धप, टाळी. बघता बघता पुढच्या-मागच्या माणसांनीही ताल धरला. आमच्यातल्या एकीने मसाल्याच्या डब्यावर थाप दिली.

शेजारच्या टेबलावर बांगड्या विकणारी एक कॉलेजातली मुलगी हसून म्हणाली, "मावशी, हे क्वीनचं गाणं. आणि ते गाणारा माणूस आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलाय."

आम्हाला वाटलं, पोरगी आमची चेष्टा करतेय. घरी आल्यावर आम्ही हिला विचार, त्याला विचार असं करत माहिती काढली. पोरगी खरं बोलत होती.

त्या माणसाचं मूळ नाव फारोख बुलसारा. पारशी कुटुंब. बुलसार म्हणजे आजचं वलसाड, त्यावरून आडनाव. ५ सप्टेंबर १९४६ ला आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावर त्याचा जन्म झाला. वडील तिथे इंग्रज सरकारच्या नोकरीत होते. पोरगा आठ वर्षांचा झाला तेव्हा आईवडिलांनी त्याला समुद्र ओलांडून आपल्या सातारा जिल्ह्यात, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पाठवलं. आठ वर्षांचं लेकरू, घरापासून एवढं लांब, वसतिगृहात. आश्रमशाळेत पोरं ठेवलेल्या आपल्यातल्या आयांना वेगळं सांगायला नको.

त्याच्या वरच्या जबड्यात चार दात जास्तीचे होते. त्यामुळे पुढचे दात बाहेर यायचे. शाळेतली पोरं त्याला चिडवायची. पुढे मोठा झाल्यावरही हसताना तो ओठ खाली ओढून दात झाकायचा. पण पाचगणीत त्याला एक गोष्ट मिळाली, ती म्हणजे पियानो. तिथेच तो पियानो शिकला आणि बाराव्या वर्षी शाळेतल्या दोस्तांना घेऊन त्याने आपला वाद्यवृंद काढला. नाव ठेवलं 'द हेक्टिक्स'. फारोखचा फ्रेडीही तिथेच झाला.

शिक्षण संपवून तो झांझिबारला परतला आणि १९६४ साली तिथे क्रांती झाली. मारामारी, कापाकापी. बुलसारा कुटुंबाने हाताला लागेल ते घेतलं आणि ते इंग्लंडला, लंडनजवळच्या फेल्टम गावी गेलं. फ्रेडीने विमानतळावर सामान उचलण्याचं काम केलं. चित्रकलेच्या कॉलेजात शिकला. एका मित्राबरोबर बाजारात जुन्या कपड्यांचा गाळा चालवला. तो मित्र म्हणजे ड्रम वाजवणारा रॉजर टेलर. गिटार वाजवणारा ब्रायन मे त्यांच्या सोबतीला होता. १९७० साली तिघांनी मिळून वाद्यवृंद काढला, पुढच्या वर्षी जॉन डिकन आला आणि चौघं झाले. नाव फ्रेडीने ठेवलं: 'क्वीन', म्हणजे राणी. स्वतःचं आडनावही त्याने बदलून मर्क्युरी केलं.

त्या काळात इंग्लंडमध्ये ग्लॅम रॉक नावाची लाट आली होती. ग्लॅम म्हणजे झगमगाट. १९७१ साली मार्क बोलन नावाचा गायक डोळ्यांखाली चमकी लावून टीव्हीवर आला आणि तरुण पोरं वेडी झाली. बाप्ये माणसं काजळ घालायला लागली, नखं रंगवायला लागली, साटीनचे झगे आणि उंच टाचांचे बूट घालून गायला लागली. म्हातारी माणसं नाकं मुरडायची. आपल्याला मात्र त्यात नवल वाटायचं कारण नाही. कोकणातल्या दशावतारात राणीचं काम लुगडं नेसून बाप्या माणूसच करतो, आणि आपण रात्रभर जागून ते बघतो. पण तोच माणूस सकाळी चहाच्या टपरीवर आला की त्याच्याकडे बघून हसणारेही आपल्यातच असतात. फ्रेडीलाही लोक हसले. तो नखं काळी रंगवायचा, पांढरे घोळदार कपडे घालायचा. शाळेत ज्याला दातांवरून हसत होते, तो आता स्वतःहून सगळ्यांनी बघावं असा उभा राहिला.

या झगमगाटातून त्यांचं पहिलं मोठं गाजलेलं गाणं आलं ते ऑक्टोबर १९७४ मध्ये, 'किलर क्वीन'. श्रीमंतांच्या घरांत वावरणाऱ्या, पैसे घेऊन सोबत करणाऱ्या एका बाईचं ते चित्र आहे. फ्रेडीने आधी शब्द लिहिले, चाल नंतर बांधली. ध्वनिमुद्रण चालू होतं तेव्हा ब्रायन मे दवाखान्यात होता. आधी कावीळ झाली, मग आतड्याला व्रण. बाकीच्यांनी त्याच्या गिटारसाठी जागा मोकळी सोडून गाणं तयार केलं आणि तो बरा होऊन आल्यावर त्याने ती जागा भरली. गाणं इंग्लंडच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं, अमेरिकेतही चाललं. आजाऱ्याची जागा मोकळी ठेवायची, दुसऱ्याला देऊन टाकायची नाही, ही गोष्ट आम्हाला फार आवडली. बाळंतीण झालेल्या सखीचं गटातलं पद आपण असंच राखून ठेवतो की.

आता येऊ आपल्या धप-धप-टाळीवर.

साल १९७७, मे महिना. इंग्लंडमध्ये स्टॅफर्ड नावाच्या गावी क्वीनचा कार्यक्रम होता. जागा म्हणजे शेती-प्रदर्शनाच्या मैदानावरचं मोठं सभागृह, बिंगली हॉल. माणसं दाटीवाटीने उभी. कार्यक्रम संपला, चौघं मंचावरून आत गेले, आणि खाली उभी असलेली माणसं निघून जायच्या ऐवजी गायला लागली. फुटबॉलच्या मैदानावर तिकडची माणसं आपल्या संघासाठी एक गाणं म्हणतात. ते गाणं सगळ्यांनी एका सुरात या चौघांसाठी म्हटलं.

ब्रायन मे ते ऐकून हलून गेला. त्याने मनाशी विचार केला की खाली उभी असलेली माणसं एवढी चेंगरून उभी आहेत, त्यांना नाचता येत नाही, हलता येत नाही. त्यांच्याजवळ आहे काय? पाय आपटता येतात, टाळी वाजवता येते, आणि गळा आहे. मग या तीन गोष्टींवरच गाणं केलं तर? दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला तेव्हा गाणं डोक्यात तयार होतं. त्याचं नाव 'वी विल रॉक यू'.

फ्रेडीही अशाच विचारात होता. ऐकणाऱ्यांनी बरोबरीने म्हणावं असं गाणं त्यानेही लिहिलं, 'वी आर द चॅम्पियन्स'.

लंडनच्या उत्तरेला एका जुन्या चर्चच्या इमारतीत वेसेक्स नावाचा स्टुडिओ होता. चर्च असल्यामुळे आत आवाज छान घुमायचा. तिथे लाकडाच्या जुन्या फळ्या पडून होत्या. क्वीनच्या माणसांनी ड्रम बाजूला ठेवले, त्या फळ्यांवर उभे राहिले आणि पाय आपटायला सुरुवात केली. टेंभी नाक्यावरच्या पोरांनी मांडवाच्या फळ्यांवर केलं, अगदी तसंच. पण माणसं मोजकी, आणि आवाज तर हजारोंचा हवा. मग काय करायचं?

ब्रायन मे गिटार वाजवता वाजवता विज्ञानही शिकत होता, आकाशातल्या धुळीचा अभ्यास करत होता. तो अभ्यास त्याने गाण्यापायी अर्धवट सोडला आणि तीसहून जास्त वर्षांनी, २००७ साली पुरा करून डॉक्टरेट मिळवली. शाळा सुटलेल्या मैत्रिणींनो, हे लक्षात ठेवा. तर त्याने युक्ती काढली. मुद्रित केलेला आवाज थोडा थोडा मागे सरकवून पुन्हा पुन्हा वर चढवला. आपण विहिरीत ओरडलो तर आवाज सारख्या अंतराने परत येतो, आणि तो प्रतिध्वनी आहे हे लगेच कळतं. तसं व्हायला नको होतं. म्हणून त्याने अंतरं धरली ती कशानेही भाग न जाणाऱ्या आकड्यांच्या हिशोबाने. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, असे ते आकडे. ही अंतरं एकमेकांशी जुळत नाहीत. त्यामुळे कानाला प्रतिध्वनी वाटत नाही, खूप माणसं जवळ-लांब उभी राहून एकदम पाय आपटताहेत असं वाटतं.

या गाण्यात ड्रम नाही. जवळजवळ शेवटपर्यंत पाय, टाळ्या आणि माणसांचे गळे एवढंच आहे. अगदी अखेरीला गिटार येते आणि गाणं संपतं. सगळं मिळून दोन मिनिटांचं.

ऑक्टोबर १९७७ मध्ये त्याची तबकडी निघाली. आपल्यातल्या थोरल्यांना आठवत असेल, छोटी तबकडी असायची, एका बाजूला एक गाणं, उलटवली की दुसरं. त्यालाच सिंगल म्हणत. पुढची बाजू मानाची, ज्या गाण्यावर कंपनीचा भरवसा ते गाणं तिथे. फ्रेडीचं 'चॅम्पियन्स' पुढच्या बाजूला होतं आणि पाय-टाळीचं गाणं मागच्या बाजूला. पण रेडिओवाल्यांनी दोन्ही बाजू एकापाठोपाठ लावायला सुरुवात केली. तबकडी इंग्लंडमध्ये दुसऱ्या क्रमांकावर आणि अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर गेली. मागच्या बाजूचं ते गाणं जगभरच्या मैदानांवर पसरलं आणि फिरत फिरत आपल्या नाक्यावरच्या रांगेपर्यंत आलं.

तुम्ही विचाराल, त्या पाचगणीच्या पोराचं पुढे काय झालं? फार मोठा झाला. १३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्बली मैदानावर, इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी झालेल्या कार्यक्रमात, सत्तर हजारांवर माणसं त्याच्या इशाऱ्यावर एकदम हात वर करून टाळ्या वाजवत होती. ते गाणं तर रेडिओवरच होतं, रॉजर टेलरने लिहिलेलं. २४ नोव्हेंबर १९९१ ला फ्रेडी एड्सने गेला, वय ४५. आजार त्याने शेवटच्या दिवसापर्यंत लोकांपासून झाकून ठेवला, आदल्या दिवशी फक्त जाहीर केला. तेव्हा आजच्यासारखी औषधं नव्हती, आणि लोक काय बोलतील ही भीती मोठी होती. आज औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. आजारी माणसाशी भेदभाव करायला, त्याला कामावरून काढायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. भीती मात्र अजून पुरती गेलेली नाही. ती घालवणं आपल्याच हातात आहे.

आता आमच्या गावची गोष्ट सांगतो, म्हणजे हे सगळं आज का काढलं ते कळेल.

आमच्या गावच्या नवरात्रात तीन वर्षांपासून भाड्याचं मोठं मशीन येतं. वर्गणी बचत गटांकडूनही घेतात, आम्ही देतो. पण मशीन सुरू झालं की छातीत धडधडतं, लहान पोरं रडायला लागतात, बाया पदराने कान झाकून बसतात. आमच्यातली सगळ्यांत थोरली बाई, तिला आम्ही सगळ्या आत्या म्हणतो. गौरीची, देवीची कितीतरी गाणी तिला तोंडपाठ. फेर धरला की तिच्याशिवाय पान हलायचं नाही. मशीन आल्यापासून ती देवळाच्या पायरीवर नुसती बसते. टेंभी नाक्यावरून आल्यावर आम्ही तिला एक गाणं सांगायला लावलं, तर अर्ध्यातच अडली. म्हणाली, "दोन साल गायलंच नाही गं. न गायलेलं गाणं राहणार कुठं?"

तो शब्द आम्हाला लागला. गटांच्या बैठकीत विषय निघाला. एकजण म्हणाली, वर्गणीच देऊ नका. दुसरी म्हणाली, मग म्हणतील बाया देवीच्या विरोधात गेल्या. बराच वेळ वाद झाला. शेवटी ठराव झाला की वर्गणी द्यायची, पण नवरात्रात एक दिवस एक तास मशीन बंद ठेवून मंच आम्हाला द्यायचा. ठराव वहीत लिहिला, सगळ्यांनी सह्या केल्या, अंगठे उठवले.

मंडळाची पोरं हसली. आमचीच पोरं ती, कुणाचा मुलगा, कुणाचा पुतण्या. म्हणाली, "काकी, मशीन नसेल तर मागच्याला ऐकू जाणार कसं? पहिल्या रांगेपुरतं गाणार का तुम्ही?" आम्ही त्यांना स्टॅफर्डच्या शेती-प्रदर्शनाची गोष्ट सांगितली. गाणं त्यांच्या मोबाइलमध्ये होतंच, पण त्यात ड्रम नाही हे त्यांनाही माहीत नव्हतं. अष्टमीला संध्याकाळी आठ ते नऊ, असं कबूल केलं.

पहिलं गाणं फसलं, हे खरं सांगितलं पाहिजे. आम्ही बाराजणी मंचाच्या फळ्यांवर उभ्या राहिलो आणि घाबरून घाई केली. टाळी एकीची आधी, दुसरीची नंतर. खालून हसण्याचा आवाज आला. आत्याने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. म्हणाली, "तुम्ही थांबतच नाही. उखळात दोन मुसळं चालतात तेव्हा एक वर असतं, म्हणून हात वाचतात. टाळीनंतर गप राहा."

बरोबर होतं तिचं. पाय, पाय, टाळी, आणि चौथी मात्रा मोकळी. त्या मोकळ्या जागेतच पुढचा पाय सगळ्यांचा एकत्र येतो. दुसऱ्यांदा आम्ही तसं केलं आणि त्या तालावर आत्याने आपलं देवीचं गाणं उचललं. इंग्रजी गाणं कुणी म्हटलं नाही, त्याची गरजच नव्हती. खाली बसलेल्या बायांनी टाळी धरली. मग मागे उभ्या असलेल्या बाप्यांनी धरली. मशीनवाला पोरगा आपल्या खोक्याला टेकून उभा होता, त्याचाही पाय हलत होता. शेवटच्या रांगेतल्या सुनेने नंतर सांगितलं की आत्याचे शब्द सगळे ऐकू आले नाहीत, पण गाणं आलं. ठीक नऊ वाजता मशीन पुन्हा सुरू झालं.

या वर्षी आम्ही दोन दिवस मागणार आहोत. अजून कुणी हो म्हटलेलं नाही. आत्याची गाणी मात्र आम्ही दर बुधवारी बैठकीनंतर म्हणतो आणि एक पोरगी ती वहीत उतरवून घेते.

जाता जाता एक कामाची गोष्ट. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंगे लावता येत नाहीत. सणासाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ठाण्याचेच डॉ. महेश बेडेकर यासाठी उच्च न्यायालयात गेले आणि २०१६ साली न्यायालयाने नियम नीट पाळण्याचे आदेश दिले. तेव्हा एक तास शांतता मागणारी बाई देवीच्या विरोधात जात नाही, ती कायद्याला धरूनच बोलते.

आता रेडिओ जरा बाजूला ठेवा आणि घरात जेवढ्या आहात तेवढ्या उभ्या राहा. सासूबाईंनाही उठवा, गुडघे दुखत असतील तर बसून मांडीवर थाप चालेल. पाय, पाय, टाळी, गप. पाय, पाय, टाळी, गप. घाई करू नका. ताल बसला की घरातल्या थोरल्या बाईला तिचं एखादं गाणं म्हणायला सांगा. अर्ध्यात अडली तर तिथपर्यंतचं लिहून घ्या, बाकीचं दुसऱ्या दिवशी आठवतं.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.